आमवाताच्या रुग्णाला सांध्याचा टीबी झाला तर: एका सूनबाईंच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

इंदूरच्या एका मराठी घरातल्या सूनबाईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देते. सासूबाई 58 वर्षांच्या. आठ वर्षांपासून आरए, म्हणजे आमवात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम, रोज प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) 7.5 मिलिग्रॅम आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, एवढ्यावर बऱ्यापैकी ठीक चाललं होतं. गेले पाच महिने उजवा गुडघा सुजलेला. दोनदा पाणी काढून आत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. दोन-तीन आठवडे बरं वाटलं आणि सूज आधीपेक्षा जास्त झाली. शेवटी दुर्बिणीतून सांध्याच्या अस्तराचा तुकडा घेतला, त्यात टीबी निघाला. एका डॉक्टरांनी आमवाताची सगळी औषधं बंद करायला सांगितली. बंद केल्यावर दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं इतकी सुजली की त्यांना वेणी घालता येईना. दुसऱ्या डॉक्टरांनी बायोलॉजिकचं, म्हणजे सूज आणणारं ठराविक रसायन रोखणारं, इंजेक्शन सुचवलं. कुणाचं ऐकायचं, टीबीच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, गुडघा वाचेल का, आणि घरात चार वर्षांची नात आहे तिला आजीपासून लांब ठेवायचं का?

ताई, दोन्ही सल्ले मला अपुरे वाटतात. टीबीच्या गोळ्या पूर्ण मात्रेत, रोज, एकही दिवस न चुकवता. आमवाताची औषधं बदलायची, पण रुग्णाला औषधाविना सोडायचं नाही. आणि बायोलॉजिक आत्ता मुळीच नाही. कारणं सांगते. कारण कळलं की घरातल्या माणसांना धीर राहतो, आणि या आजारात धीर वर्ष-दीड वर्ष टिकवावा लागतो. नेमकी मात्रा मात्र त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची. मी इथे दिशा सांगते आहे.

आधी, हे झालं कसं? भारतात टीबीचे जंतू शरीरात असूनही आजारी नसलेली माणसं फार आहेत. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांत असा सुप्त संसर्ग आढळला. बहुतेकांच्या शरीरात तो आयुष्यभर झोपून राहतो, कारण पांढऱ्या पेशी जंतूंभोवती गाठ करून त्यांना आत कोंडून ठेवतात. पांढऱ्या पेशींचा हा पहारा टिकवणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे टीएनएफ. गंमत अशी नाही, शोकांतिका अशी आहे की आमवातात सांधे सुजवणारं मुख्य रसायनही हेच. आमवात हा मुळात भरकटलेल्या प्रतिकारशक्तीचा आजार, त्यामुळे आपली बहुतेक औषधं प्रतिकारशक्तीला थोडी खाली आणतात. स्टिरॉइड त्यात सगळ्यात पुढे. प्रेडनिसोलोन रोज 15 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत टीबीचा धोका स्पष्ट वाढतो. कमी मात्रेतही तो थोडा वाढतोच. जंतू रक्तातून सांध्यात पोहोचतात, आणि आमवाताने आधीच सुजलेल्या, रक्तपुरवठा वाढलेल्या अस्तरात त्यांना आयती जागा मिळते.

म्हणजे सासूबाईंनी काही चुकीचं खाल्लं, थंड पाण्यात हात घातले, असं काही नाही. हे त्यांना आवर्जून सांगा. आपल्याकडच्या बायका आजारपणाचा दोष पहिल्यांदा स्वतःकडे घेतात.

निदानाला पाच महिने लागले याचा तुम्हाला राग आला असेल. तो साहजिक आहे. पण हे निदान खरंच अवघड असतं. ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, दोन्ही आजारांत वाढलेल्या. सांध्यातल्या पाण्यात दोन्हीकडे पांढऱ्या पेशी भरपूर. एडीए नावाची जी तपासणी टीबीसाठी करतात, ती आमवाताच्या पाण्यातही वाढलेली येऊ शकते. छातीचा एक्स-रे अनेकदा अगदी स्वच्छ असतो. गुडघ्याच्या एक्स-रेत टीबीच्या तीन खुणा शिकवल्या जातात: सांध्याजवळचं हाड विरळ होणं, कडेचं हाड कुरतडलं जाणं, आणि सांध्यातली जागा हळूहळू कमी होणं. यातल्या पहिल्या दोन आमवातातही तशाच दिसतात. तिसरीत फरक असतो. आमवातात ती जागा लवकर जाते, टीबीत बराच काळ टिकते. पण आठ वर्षांच्या जुन्या आमवातात ती आधीच गेलेली असेल तर हाही आधार उरत नाही. शिवाय संध्याकाळचा बारीक ताप, घाम, भूक मरणं ही लक्षणं रोजच्या प्रेडनिसोलोनखाली झाकली जातात.

तरी एक खूण आहे आणि ती मी शिकाऊ डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगते. आमवात जोडीने वागतो: दोन्ही मनगटं, दोन्ही हातांची बोटं, दोन्ही पावलं. बाकीचे सांधे शांत असताना एकच सांधा हट्टाने सुजत राहिला, औषधाला दाद देईना, मांडी बारीक व्हायला लागली, रात्री दुखण्याने जाग यायला लागली, तर तो आमवाताचा जोर धरू नये. सुई घालून पाणी काढायचं आणि ते तपासायला पाठवायचं. काही दिवसांत भडकला तर साधे पू करणारे जंतू, आठवडे-महिने घेऊन वाढला तर टीबी, असा संशय धरायचा. तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत त्या सांध्यात स्टिरॉइड नाही. स्टिरॉइडने सूज उतरते म्हणून सगळ्यांना बरं वाटतं, आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. तुमच्याकडे झालं ते हेच.

आता रिपोर्ट पुन्हा काढून बघा. अस्तराच्या तुकड्यात 'ग्रॅन्युलोमा' (पांढऱ्या पेशींची गाठ) आणि 'केसिएशन' (त्या गाठीच्या आतला मेलेला भाग) दिसलं म्हणून टीबी म्हटलं असेल तर निदान भक्कम आहे, पण एवढ्यावर थांबू नये. जंतू रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतात की नाही, हे कळायला हवं. त्यासाठी सीबीनॅट ही तपासणी असते. यंत्रात नमुना घातल्यावर सुमारे दोन तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिनला विरोध आहे का, दोन्ही सांगते. सोबत कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, लावायचं. त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, पण बाकीच्या औषधांबद्दल खात्री त्यातूनच होते. सांध्याच्या टीबीत जंतू मुळात कमी असतात, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच सापडतात. 'पाण्यात टीबी निघाला नाही' याचा अर्थ 'टीबी नाही' असा होत नाही.

इथे एक अगदी व्यवहारातली गोष्ट, जी ऑपरेशन थिएटरच्या दारात ठरते. तुकडा घेतला की तो फॉर्मॅलिनमध्ये टाकायची सवय सगळीकडे आहे. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होत नाही. तुकड्याचे दोन भाग हवेत: एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा नुसत्या सलाइनमध्ये सीबीनॅट आणि कल्चरसाठी. कुणाची अशी तपासणी पुढे ठरली असेल तर नातेवाइकांनी आदल्या दिवशी डॉक्टरांना हे विचारून ठेवावं. विचारण्यात संकोच नको. तुमच्याकडे दुसरा भाग पाठवला नसेल आणि गुडघ्यात अजून पाणी असेल, तर गोळ्या सुरू होण्याआधी किंवा झाल्याबरोबर ते काढून पाठवता येईल.

आणखी एक शंका मी प्रत्येक वेळी तपासून घेते: जुना आमवात खरंच आमवात होता ना? 1897 साली पाँसे नावाच्या फ्रेंच सर्जननी टीबीच्या रुग्णांत अनेक सांधे सुजण्याचा प्रकार वर्णन केला. त्यात सांध्यांत जंतू नसतात, टीबी शरीरात दुसरीकडे असतो, आणि टीबीच्या औषधांनी सांधेही बरे होतात. असे रुग्ण आमवाताचे समजून मेथोट्रेक्सेट आणि स्टिरॉइडवर ठेवले जातात. रक्ताची आरए फॅक्टर तपासणी टीबीत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणीसुद्धा काही जणांत येते. सासूबाईंचा आजार आठ वर्षांचा, हातांची दोन्हीकडची सूज, औषधं बंद केल्यावर लगेच उसळलेली. हे सगळं खऱ्या आमवाताशी जुळतं. पण सांधेदुखी चार-सहा महिन्यांचीच आहे, वजन उतरलंय, मानेत गाठी आहेत, असं कुणाचं असेल तर हा विचार जरूर व्हावा.

टीबीच्या उपचारांकडे येते. पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. नंतर पायराझिनामाइड काढून उरलेली तीन, किमान दहा महिने. एकूण 12 महिने, आणि सांधा हवा तसा सुधारला नाही तर 18 महिन्यांपर्यंत. फुप्फुसाच्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स शेजारपाजारी ऐकलेला असतो, त्यामुळे सहाव्या महिन्यात घरातूनच आवाज उठतो की आता पुरे. हाडात आणि सांध्यात औषध हळू पोहोचतं, जंतू हळू मरतात. मधेच सोडलं तर पुढच्या वेळी औषधांना न जुमानणारा टीबी समोर येतो.

औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. इंदुरात एम.वाय. किंवा मनोरमा राजे टीबी हॉस्पिटलात चौकशी करता येईल. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी निक्षय, म्हणजे सरकारच्या टीबी-रुग्णांच्या यादीत, नोंदणी झालीच पाहिजे, ती कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी झाली की पोषणासाठी दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. सुखवस्तू घरांत नोंदणी टाळण्याकडे कल असतो, नाव सरकारदरबारी जाईल या लाजेने. लाजण्यासारखं यात काही नाही, आणि नोंदणीमुळे गोळ्या चुकल्या तर विचारणारं माणूस मिळतं.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या तासभर आधी. रिफॅम्पिसिन अन्नासोबत नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर चहा-पोहे, म्हणून वेळ आधीच ठरवून घ्या. फारच मळमळलं तर डॉक्टरांना विचारून थोडंसं खाऊन घेता येतं; गोळी टाळण्यापेक्षा ते बरं. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध या गोळ्यांना लागून नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. सोबत बी-6 जीवनसत्त्वाची गोळी असते ती हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून. ती 'ताकदीची गोळी' समजून वगळू नका.

यापुढचा भाग जरा नीट वाचा, कारण दोन आजारांचे उपचार एकमेकांत अडकतात ते इथे.

रिफॅम्पिसिन यकृतातल्या औषध मोडणाऱ्या यंत्रणेला जोराने कामाला लावतं. परिणामी इतर बरीच औषधं शरीरातून भराभर निघून जातात. प्रेडनिसोलोन त्यातलं महत्त्वाचं. दोन आठवड्यांत रिफॅम्पिसिनचा हा परिणाम पूर्ण होतो, आणि 7.5 मिलिग्रॅम घेणाऱ्या बाईंना जवळपास निम्म्याचाच फायदा मिळायला लागतो. तेव्हा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सांधे भडकतात, थकवा येतो, घरचे म्हणतात टीबीच्या गोळ्या अंगाला लागल्या नाहीत. आणि गोळ्या सुटतात! माझ्याकडे येणारे असे रुग्ण उपचार अर्धवट सोडतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हे. जंतू नव्हे, साइड इफेक्ट नव्हे, तर हा न सांगितलेला परस्परपरिणाम. म्हणून रिफॅम्पिसिन सुरू करतानाच प्रेडनिसोलोनची मात्रा वाढवण्याचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो, बऱ्याचदा दुप्पटीच्या आसपास. ऐकायला विचित्र वाटतं की टीबी असताना स्टिरॉइड वाढवताय. पण शरीरात प्रत्यक्ष पोहोचणारा भाग तेवढाच राहतो, आणि टीबीवर पूर्ण औषधाचं पांघरूण असतं.

याहून गंभीर गोष्ट अशी की वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन घेणाऱ्या माणसाच्या शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. एका झटक्यात बंद केलं तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, साखर उतरते, जिवावर बेतू शकतं. तुम्ही लिहिलंय की सगळी औषधं बंद केली. त्यात प्रेडनिसोलोनही बंद असेल आणि सासूबाईंना उभं राहताना चक्कर, मळमळ, कमालीची गळून गेल्यासारखी अवस्था असेल, तर उद्याची वाट बघू नका. आजच डॉक्टरांना फोन करा.

मेथोट्रेक्सेट मी अशा वेळी साधारण पहिले दोन महिने थांबवते. कारण दोन आहेत: प्रतिकारशक्ती थोडी मोकळी व्हावी, आणि यकृतावर एकाच वेळी मारा नको. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात, त्यात मेथोट्रेक्सेट घातलं तर रक्तातले यकृताचे एन्झाइम वाढल्यावर दोष कुणाचा हे कळत नाही. पायराझिनामाइड संपलं, यकृत स्थिर राहिलं, गुडघ्याची सूज उतरणीला लागली, की मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत परत सुरू करता येतं. काही तज्ज्ञ ते मुळीच थांबवत नाहीत, फक्त तपासण्या वाढवतात, आणि आमवात फार जोरात असेल तर तेही समजण्यासारखं आहे. परत सुरू कराल तेव्हा ते आठवड्यातून एकदाच, हे गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा. टीबीच्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे मेथोट्रेक्सेटही त्यांच्यासोबत रोज दिलं जाण्याचा धोका असतो, आणि रोज घेतलेलं मेथोट्रेक्सेट प्राणघातक ठरू शकतं.

लेफ्लुनोमाइड हे आमवाताचं आणखी एक औषध कुणी घेत असेल तर ते लगेच थांबवावं. ते शरीरात महिनोन् महिने राहतं, म्हणून गरज पडली तर कोलेस्टिरामाइनची पावडर देऊन बाहेर काढावं लागतं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवता येतं. ते टीबीचा धोका वाढवत नाही. फक्त डोळ्यांकडे लक्ष हवं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षांच्या वापराने पडद्यावर परिणाम करू शकतं, आणि इथॅम्ब्युटॉल काही महिन्यांत डोळ्यांच्या नसेवर. दोन्ही एकत्र म्हणून उपचाराच्या सुरुवातीला डोळ्यांची तपासणी करून ठेवा. नंतर लाल-हिरवा रंग फिका वाटणं, वाचताना अंधुक होणं असं काही जाणवलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. वयस्कर बायका म्हणतात, मोतीबिंदू असेल, आणि थांबतात. थांबू देऊ नका.

सल्फासॅलाझिन हे या अवस्थेत माझं आवडतं औषध. टीबीत ते त्यामानाने सुरक्षित. 500 मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू रोज 2 ग्रॅमपर्यंत नेता येतं. पूर्वी सल्फा औषधाची अ‍ॅलर्जी झाली असेल तर मात्र नाही. असर यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर प्रेडनिसोलोनच्या आधाराने दिवस काढायचे. सासूबाईंच्या बाबतीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन आणि रिफॅम्पिसिनच्या हिशेबाने ठरवलेलं प्रेडनिसोलोन, हे तीन धरून पहिले महिने काढता येतील, असं मला दुरून वाटतं.

आमवाताला औषधाविना सोडू नका असं मी का म्हणते? दुखणं सहन होत नाही म्हणून नुसतं नव्हे. बेलगाम आमवात काही महिन्यांत बोटांची हाडं कुरतडतो, ते पुन्हा भरून येत नाही. आणि दुखण्याने हैराण झालेलं माणूस दुसरीकडे वळतं. धार, झाबुआ, खरगोन भागातून येणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या पिशवीत 'गठिया'ची विनानावाची पुडी निघते. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, किती ते कुणालाच ठाऊक नसतं. शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही 'आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही' म्हणून ती येते. टीबी चालू असताना असं मोजमाप नसलेलं स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल. घरात अशी पुडी असेल तर आईंना रागवू नका, विश्वासात घेऊन विचारा, आणि ती डॉक्टरांना नेऊन दाखवा.

यकृतासाठी सुरुवातीला, दोन आठवड्यांनी, आणि मग महिन्याला एकदा रक्ततपासणी. एन्झाइम तिपटीवर गेले आणि सोबत मळमळ किंवा कावीळ असेल, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीवर गेले, तर गोळ्या थांबवून डॉक्टर एकेक करून परत सुरू करतात. गोळ्या थांबवायचा निर्णय घरी घ्यायचा नाही. अपवाद एकच, डोळे पिवळे झाले आणि उलट्या थांबेनात तर त्या दिवशीच्या गोळ्या न घेता थेट दवाखाना गाठा.

पहिल्या दोन महिन्यांत खांदे, घोटे, बोटं नव्याने दुखायला लागली तर ते आमवातच असेल असं नाही. पायराझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि सांधे दुखतात. या दुखण्यात सूज बहुधा नसते, साध्या वेदनाशामकाने ते आवाक्यात राहतं, आणि पायराझिनामाइड संपल्यावर जातं. त्यासाठी आमवाताची औषधं वाढवायची नसतात. सूज आहे की नुसतं दुखणं, हे हाताने दाबून पाहणाऱ्या डॉक्टरलाच कळतं, म्हणून फोनवर निर्णय नको.

आता बायोलॉजिकचं. आमवातात टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं फार चांगली आहेत, योग्य रुग्णाला मी ती देते. पण 2001 साली त्यांतलंच एक, इन्फ्लिक्सिमॅब, घेतलेल्या 70 रुग्णांना टीबी झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा टीबी फुप्फुसाच्या बाहेर होता. जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या गाठी टीएनएफ काढून घेतल्यावर विस्कटतात. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅबमध्ये हा धोका इटानरसेप्ट या त्याच गटातल्या इंजेक्शनपेक्षा जास्त. गुडघ्यात जिवंत टीबी असताना यातलं काहीही नको. टोफासिटिनिब या आमवाताच्या नव्या औषधाच्या गोळ्या आता स्वस्त झाल्यात आणि दवा बाजारात सहज मिळतात, पण त्याही नकोत. त्यांनी टीबी उसळतो, शिवाय रिफॅम्पिसिनसोबत त्यांचा बहुतांश भाग वायाच जातो. पूर्ण कोर्स संपेपर्यंत थांबणं हे माझं मत. आमवात अगदीच आवरत नसेल तर किमान तीन महिने टीबीचे उपचार नीट झालेले, जंतू औषधांना दाद देणारे आहेत हे सिद्ध झालेलं आणि गुडघा स्पष्ट सुधारलेला, एवढं जमून आल्यावर रिटुक्सिमॅबसारखा टीबीच्या दृष्टीने कमी धोक्याचा पर्याय दोन तज्ज्ञांनी मिळून ठरवावा.

उलट, जे आधीपासून टीएनएफचं इंजेक्शन घेत होते आणि टीबी निघाल्यावर ते बंद केलं, त्यांची सूज उपचार चालू असतानाही काही आठवड्यांनी वाढू शकते. प्रतिकारशक्ती परत जागी होऊन जंतूंवर तुटून पडते म्हणून. हे औषध लागू न पडल्याचं लक्षण नाही, पण फरक ओळखायला कल्चरचा रिपोर्ट हाताशी लागतो.

या दोन आजारांचं नातं वैद्यकाच्या इतिहासातही सापडतं. 1890 साली जर्मन शास्त्रज्ञ कॉख यांनी सोन्याचा क्षार टीबीच्या जंतूंची वाढ रोखतो असं दाखवलं. पुढे आमवात हा टीबीसारखाच काही प्रकार असेल या समजुतीने फोरेस्टिए या फ्रेंच डॉक्टरांनी 1929 मध्ये आमवाताच्या रुग्णांना सोन्याची इंजेक्शनं दिली. समजूत चुकीची होती, पण सांध्यांना फायदा झाला आणि ती इंजेक्शनं पुढची अनेक दशकं वापरात राहिली.

गुडघा वाचेल का? कूर्चा किती शिल्लक आहे यावर ते अवलंबून. सूज अस्तरापुरती असताना पकडलं तर गुडघा बऱ्यापैकी परत येतो. हाड कुरतडलं गेलं असेल तर ताठरपणा राहतो. सुरुवातीचे काही आठवडे पट्टा लावून विश्रांती, गुडघा सरळ ठेवून. उशी घालून वाकवून ठेवला की आराम वाटतो पण तो तसाच आखडतो, हे विसरू नका. दुखणं कमी झालं की मांडीचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम पलंगावरच सुरू करायचा, मग हळूहळू वाकवणं, मग आधाराने चालणं. पाणी पुन्हा भरलं तर काढायचं. अस्तर फारच जाड झालेलं असेल किंवा आठ-बारा आठवड्यांत फरक पडला नाही, तर दुर्बिणीतून ते खरवडून काढता येतं. सांधा बदलण्याची घाई नको. टीबी पूर्ण शमल्यावर, कोर्सनंतर, तो विचार करावा. त्या वेळी अस्तराचे नमुने पुन्हा तपासायला पाठवायचे.

जेवणात प्रथिनं वाढवा. डाळी, दूध, पनीर, चालत असेल तर अंडी. स्टिरॉइडमुळे हाडं आधीच ठिसूळ असतात, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही डॉक्टरांना विचारून. मधुमेह असेल तर साखर जास्त वेळा तपासा, कारण स्टिरॉइड ती वाढवतं आणि रिफॅम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं. हे वाचणाऱ्या तरुण मुलींपैकी कुणाला असंच दुहेरी दुखणं असेल तर आणखी एक: रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, आणि मेथोट्रेक्सेट घेताना दिवस राहणं बाळासाठी धोक्याचं.

नातीबद्दल. सांध्याचा टीबी श्वासातून पसरत नाही. पण सासूबाईंना फुप्फुसाचाही टीबी नाही ना, हे छातीच्या एक्स-रेने, आणि खोकला असेल तर थुंकीच्या तपासणीने आधी नक्की करून घ्या. फुप्फुसं स्वच्छ असतील तर आजी-नात एकत्र जेवू दे, एकत्र झोपू दे; ताट-वाटी वेगळी करू नका. घरात किंवा कामाला येणाऱ्या कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्यांची तपासणी करा, तो जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे. फुप्फुसातही टीबी निघाला तर मात्र नातीला आणि बाकीच्यांना तपासून प्रतिबंधक औषध द्यावं लागेल, तेही सरकारी कार्यक्रमातून मिळतं.

कोर्स संपताना एक गोष्ट हमखास सुटते. रिफॅम्पिसिन बंद झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत यकृताचा वेग पूर्ववत होतो, आणि वाढवलेलं प्रेडनिसोलोन अचानक दुप्पट जोराने काम करायला लागतं. चेहरा सुजतो, साखर, रक्तदाब वाढतात. म्हणून शेवटच्या महिन्यातच स्टिरॉइड कसं खाली आणायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यानंतर दोन वर्षं दर तीन-सहा महिन्यांनी गुडघा दाखवत राहा. तो पुन्हा सुजला तर पाणी काढून सीबीनॅटसोबत कल्चरही सांगा, कारण सीबीनॅट मेलेल्या जंतूंच्या अवशेषांनीही पॉझिटिव्ह येऊ शकतं. टीबी खरंच उलटलाय का, हे कल्चरमध्ये जंतू वाढले तरच ठरतं.